चौदा जणांचा गिला वडा

जिभेवर विसंबायचे दिवस संपले, बरंच झालं. कार्ल्सबर्ग या डेन्मार्कच्या बिअरवाल्यांनी १९४०च्या दशकात त्रिकोणी चाचणी रूढ केली. समोर तीन वाट्या. दोन सारख्या, एक वेगळी. वाटीवर नाव नाही, तीन अंकी आकडा. दोन घासांमध्ये पाण्याचा घोट. ३० पैकी १५ जणांनी वेगळी वाटी ओळखली तर फरक ‘लक्षणीय’. १४ जणांनी ओळखली तर नशीब! शास्त्र म्हणतं, फरक सिद्ध झाला नाही. गल्ला म्हणतो, फरकच नाही.

ही सोय अमरावतीच्या गिला वड्याला ताबडतोब लागू व्हावी. दर महिन्याला डाळ चिमूटभर कमी, दह्यात पाणी पळीभर जास्त, आणि तुलना फक्त मागच्या महिन्याशी. (अमरावतीकर पक्षपाती, म्हणून परीक्षक अकोल्याचे.) दरवेळी १४.

छत्तिसाव्या महिन्यात वाट्यांत नुसतं पांढुरकं पाणी असेल. एखादे आजोबा विचारतील, “वडा कुठी हाये बा याच्यातला?” त्यांना नम्रपणे सांगावं, इथे प्रश्न विचारायचा नसतो, आकडा लिहायचा असतो.

आजोबा ४१७ लिहितील. अगदी बरोबर.

चौदावे.