मेगाब्लॉकनंतरचा कीबोर्ड

सुधारणा रविवारी करायची असते, हे ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. रूळ असोत, सिग्नल असो, मेगाब्लॉक घेऊन सगळं एकदाचं दुरुस्त होतं आणि ते कितपत झालंय ते सोमवारी सकाळच्या लोकलला कळतं. मे २०२४च्या अखेरीस ठाण्याचे पाच-सहा नंबरचे फलाट रुंद करायला तर ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता. फलाट रुंद झाले, हेही मान्य केलं पाहिजे. लिनक्सचं अपग्रेड याच घराण्यातलं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट बंद झाले, तेव्हा नव्या विंडोजला नको असलेले जुने पीसी पुतण्या-भाच्यांच्या कृपेने लिनक्स मिंटवर आले. आमच्या शेजारच्या काकांचाही आला. बरेच महिने गुण्यागोविंदाने चालला. मग एका रविवारी त्यांनी अपग्रेडला होकार दिला. पडद्यावर तळ्याचं सुंदर चित्र आलं, घड्याळ अचूक, खाली पासवर्डची चौकट. काकांनी की दाबली. काही नाही. जोरात दाबली. मग कीबोर्ड उलटा करून झटकला, तर त्यातून चिवड्यातला शेंगदाणा पडला. माऊसची तीच तऱ्हा, बाण जागचा हलेना.

काकू आतून म्हणाल्या, “अहो, बंद करून चालू करा.” तेही झालं. पुतण्याला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, टर्मिनल उघडा आणि मी सांगतो ते लिहा.”

“अरे, लिहू कशाने? बोटाने काचेवर?”

संध्याकाळी स्टेशनजवळून नवा कीबोर्ड आला. तोही ढिम्म. आपल्याकडे यंत्र अडलं की पहिला संशय वस्तूवर, कारण वस्तू बदलता येते. खरं तर इथे वस्तू निर्दोष होती. पीसी सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं (नव्या मशीनवर एस्केप), तर ग्रबचा, म्हणजे लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रामचा, काळा मेनू येतो आणि त्यात बाणाच्या की व्यवस्थित चालतात. तिथे कीबोर्डचा कारभार मशीनमधला फर्मवेअर बघतो, लिनक्स अजून उठलेलंच नसतं. ते उठलं की कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, यूएसबी कीबोर्डचा ड्रायव्हर चढवायचा, आणि कीचा निरोप पुढे पडदा सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरच्या इनपुट ड्रायव्हरने डेस्कटॉपपर्यंत न्यायचा. अपग्रेडच्या धांदलीत यातला एखादा गडी मागे राहतो. कधी कर्नल नवा येतो आणि त्याचे जास्तीचे मॉड्यूल येत नाहीत. कधी एक्सचं इनपुटचं पॅकेजच गळतं.

कोण राहिलाय ते शोधणं फार अवघड नाही. ग्रबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली आधीचा कर्नल ठेवलेला असतो. त्याने सुरू करून कीबोर्ड चालला, तर दोष नव्या कर्नलचा. नाही चालला, तर तिथूनच रिकव्हरी मोडमध्ये जायचं. तिथल्या काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली, तर कर्नल ऐकतोय आणि वरचा मजला झोपलाय. मग नेटवर्क चालू करून ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-ऑल’ हे पॅकेज पुन्हा बसवायचं. काकांचं दुखणं हेच निघालं. पुतण्याने फोनवर एकेक अक्षर सांगितलं, काकांनी ते तर्जनीने टिपलं, आणि पॅकेजच्या नावातल्या आडव्या रेघांवर दोघांचा बराच वाद झाला.

विंडोजवाल्यांनी हसू नये. विंडोज १०चे अपडेट बंद झाले त्याच दिवशी विंडोज ११चा जो अपडेट आला, त्याने दुरुस्तीच्याच पडद्यावर, म्हणजे रिकव्हरीत, यूएसबी कीबोर्ड आणि माऊस बंद पाडले. औषधाच्या कपाटालाच कुलूप! सहा दिवसांनी तातडीचा वेगळा अपडेट काढून ते उघडावं लागलं.

तेव्हा अपग्रेडला होकार देण्याआधी एवढं करा: आपल्या मशीनवर ग्रबचा मेनू कोणत्या कीने येतो ते आजच बघून कागदावर लिहून ठेवा, आणि जागा अडते म्हणून जुना कर्नल काढू नका. नवा नीट चालतोय हे सोमवारी बघा, मंगळवारी बघा, मग काय ते ठरवा.