एवढं जाताच आहात तर...

युरोपच्या नकाशात एक खोट आहे. तो फार लहान कागदावर मावतो. तर्जनी पॅरिसवर ठेवली तर अंगठा सहज व्हिएन्नाला टेकतो आणि मधली सगळी गावं तळहाताखाली झाकली जातात. मग वाटतं, एवढीशी तर जागा, आठवडाभरात बघायचं काय राहील?

आमच्या मेहुण्याला तसंच वाटलं. सुट्टी आठवड्याहून जरा जास्त आणि दोन आठवड्यांहून बरीच कमी. त्याने तेवढ्यात पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिक, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट बसवून एक्सेलची शीट पाठवली. प्रत्येक शहराला वेगळा रंग. लूव्रला पाऊण तास, त्यातच मोनालिसा. झोपेलाही रंग होता, पण ती दोनदा बसमध्ये होती. "भाऊजी, एवढं जाताच आहात तर..." हे त्याचं पालुपद. तो स्वतः येणार नव्हता. हे वाक्य म्हणणारी माणसं सहसा बरोबर येत नाहीत, हे मी पूर्वीही पाहिलं आहे.

मी कागद-पेन्सिल घेतली. हॉटेलवाला अकराच्या सुमाराला खोली सोडायला लावतो आणि पुढच्या गावातला तीनच्या आत खोली देत नाही. मधल्या वेळात माणूस कुठल्याच गावचा नसतो. त्याआधीची बांधाबांध, पासपोर्ट कुठल्या कप्प्यात गेला यावरचं संभाषण, स्टेशन, फलाट, नव्या गावातलं तिकिटाचं यंत्र. शहर बदललं की अर्धा दिवस गेला असंच धरावं, आणि विमानाने बदललं तर जवळजवळ अख्खा. सात शहरं म्हणजे सहा बदल. म्हणजे निदान तीन दिवस आम्ही युरोपात नव्हे, तर बॅगेच्या दांड्यापाशी मुक्कामाला. त्यात जुन्या प्रागमधले रस्ते दगडी ठोकळ्यांचे. त्यावरून चाकांची बॅग ओढली की आपण आल्याची वर्दी चार गल्ल्यांना मिळते.

तेव्हा चार रंग पुसले. उरली प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. ही तिन्ही एका रेल्वेमार्गावर येतात. प्रागहून व्हिएन्ना साधारण चार तास, तिथून बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास. विमानाने प्रागला उतरायचं आणि बुडापेस्टहून परतायचं, म्हणजे उलटा प्रवास वाचला. सासूबाईंना हे रुचलं नाही. ज्या दारातून आत गेलो त्याच दारातून बाहेर पडावं, असं त्यांचं मत. मेहुण्याने मात्र शेवटचा प्रयत्न केला : "भाऊजी, व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा फक्त एक तास!" आतून बायकोचा आवाज आला, "लोणावळा किती तासांवर आहे विचारा त्याला. मागच्या पावसाळ्यापासून नेतोय आम्हाला."

रमतगमत फिरायचं हे ठरलं, तरी व्हिसाच्या दारात रमतगमत जाता येत नाही. तिन्ही देशांना शेंगेनचा एकच व्हिसा चालतो, पण अर्ज जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा; मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. व्हिएन्नाला एक रात्र जास्त दिली आणि आम्ही ऑस्ट्रियाचे झालो. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढला. मग आला रोजचा कार्यक्रम. उगाच भटकण्याचासुद्धा तारीखवार तपशील द्यायचा. व्हिएन्नाच्या एका दिवसापुढे बायकोने लिहिलं : सकाळी कॉफी. दुपारी कॉफी. एवढ्यावर कोण व्हिसा देईल, या भीतीने मी मध्ये 'संग्रहालय' घुसवलं.

पण खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. व्हिएन्नाच्या जुन्या कॉफीगृहांत एका कपावर तासन्‌तास बसता येतं. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं असतात, कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि मागितल्याशिवाय बिल येत नाही. आपल्याकडे दुसरा चहा सांगितला नाही तर कोपराभोवती फडकं फिरायला लागतं. ज्या गावात वेटरला घाई नाही, तिथे पर्यटकाने कशाला करायची?

संग्रहालयाचंही तसंच. मेहुण्याच्या शीटमध्ये तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला चाळीस मिनिटं होती. त्या इमारतीतल्या नुसत्या ब्रूगेलच्या चित्रांच्या दालनाला माझी दुपार द्यायची तयारी आहे. १५६३चा बाबेलचा मनोरा तिथे, १५६५मधले बर्फातले शिकारी तिथे आणि शेतकऱ्याच्या लग्नाची पंगतही तिथेच. त्या पंगतीत दोन वाढपी फळीवर ताटं घेऊन निघालेत. पुढच्या वाढप्याच्या बाजूला एक पाय जास्त दिसतो, तो नेमका कुणाचा यावर जाणकार अजून डोकं खाजवतात. नवरी मागे हिरव्या कापडापुढे शांत बसली आहे. नवरा कोण, हे साडेचारशे वर्षांत नक्की ठरलेलं नाही. असल्या लग्नात चाळीस मिनिटांत जेवून उठायचं म्हणजे आहेर देऊन मागच्या मागे सटकण्यासारखं झालं.

प्रागचं १४१०चं खगोलीय घड्याळ मात्र लवकर उरकेल. दर तासाला वरच्या खिडकीतून प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, आणि खाली जमलेला घोळका ते फोनवर टिपून पुढचं ठिकाण गाठायला पळतो. घड्याळ बघायला आलेल्या माणसांनाच एवढी घाई! बुडापेस्टला १९१३ साली उघडलेल्या सेचेनीच्या गरम कुंडांत लोक छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. शीटमध्ये याला एक तास होता. माझा तर घोडासुद्धा तेवढ्यात हलत नाही.

एक बारीक डाव मात्र मी कुणालाच सांगितला नव्हता. व्हिएन्नाचा मुक्काम मी मुद्दाम रविवारी पाडला, कारण ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. खरेदीचे चार तास आपोआप गळाले, वाद न होता. बायकोने शांतपणे कॅलेंडर पाहिलं, मग फोनवर काहीतरी शोधलं.

"आपण ऑक्टोबरात जातोय ना?"

"हो."

"उन्हाळा सोडला तर तुमचं ते पंगतीवालं म्युझियम सोमवारी बंद असतं," ती म्हणाली. "तेव्हा रविवारी तुमचं लग्न, आणि सोमवार अख्खा मोकळा. दुकानं उघडीच असतील."