वापराच्या किरकोळ खुणा

फोनची काच फुटली की माणूस चार शिव्या हासडतो, दुकानात जाऊन नवी बसवून घेतो आणि आठवड्याभरात विसरून जातो. खरा छळतो तो कोपऱ्यातला टवका. त्याला औषध नाही. फोन उत्तम चालू असतो, आवाज खणखणीत येतो, फोटो निघतात, बँकेचे मेसेज नेहमीसारखेच पैसे गेल्याचे येतात. तक्रारीला जागाच नसते. तरीही बोलता बोलता बोट त्या टवक्यावर जातं, जरासं खाजवतं, आणि समोरच्याचं बोलणं आपल्या डोक्यात शिरेनासं होतं.

या जखमांची आमच्या घरात एक प्रतवारी ठरून गेलेली आहे. सगळ्यात खालची पायरी चऱ्याची. चरा सहज दिसत नाही. फोन ट्यूबलाइटखाली तिरपा धरून तो शोधावा लागतो, आणि शोधणारा माणूस प्रत्येक घरात असतोच. त्याच्यावर ओरखडा. हा नखाला लागतो. मग कडेचा रंग उडणं, मग टवका, मग पोचा. सगळ्यात वर तडा. पण तडा गेलेला फोन किरकोळात मोडत नाही, त्याची रवानगी थेट आईकडे होते. ‘काही नाही गं, कोपऱ्यात जरासा तडा आहे, तुला काय, व्हॉट्सॲपच तर बघायचं असतं,’ असं म्हणून मुलं स्वतःला नवा घेतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी आया आज त्या जाळीआडून सत्यनारायणाची निमंत्रणं वाचत बसल्या असतील.

आमच्या मेव्हण्यांची नजर या बाबतीत भयंकर आहे. कुणी नवा फोन दाखवला की ते अभिनंदन वगैरे करत नाहीत. फोन घेऊन खिडकीशी जातात. आम्ही सगळे श्वास रोखून बसतो. पडद्यावर 1080 गुणिले 2400, म्हणजे 25 लाख 92 हजार ठिपके असतात. त्यातला एखादाच रुसलेला असतो आणि तो मेव्हण्यांना सापडतो. ‘इथला एक पिक्सेल गेलाय बघा,’ असं म्हणून ते फोन परत देतात आणि पोह्यांकडे वळतात. त्या घटकेपासून फोनच्या मालकाला उरलेले 25 लाख 91 हजार 999 ठिपके दिसायचे बंद होतात. भाचीच्या लग्नात पाचशे पानांपैकी एका पानावर कोशिंबीर वाढायची राहिली, हेही यांनीच पाहिलं होतं. पान अर्थातच व्याह्यांचं होतं.

चरा सापडला की पुढचा प्रश्न, पाडला कुणी? आमच्याकडे संशय ठरलेला: किल्ल्या. ‘पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकला असशील,’ हे वाक्य मी लग्नानंतर इतक्या वेळा बोललो आहे, की आता फक्त ‘पर्स’ म्हटलं तरी पुरतं. पण शास्त्र किल्ल्यांच्या बाजूनं उभं आहे. फ्रीड्रिख मोस नावाच्या जर्मन माणसानं 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी केली. पहिल्या पायरीवर मऊसूत शंखजिरे, दहावीवर हिरा. जो वरच्या पायरीवर, तो खालच्याला ओरखडतो. उलटं होत नाही. पितळ तिसऱ्या पायरीच्या आसपास, लोखंड चौथ्या, चाकूचं पोलाद साधारण साडेपाचावर. फोनच्या काचेवर चरे उमटायला सहावी पायरी लागते आणि सातवीला ते चांगलेच खोल जातात. म्हणजे पितळेची किल्ली काचेवर घासत बसलात तर झिजेल ती किल्ली.

सातव्या पायरीवर कोण बसलं आहे, तर गारगोटी. आणि समुद्राकाठची वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीचाच चुरा. मे महिन्यात गुहागरला जाऊन आलेल्या पँटच्या खिशात, शिवणीच्या आत, दिवाळीपर्यंत वाळू सापडते. पँट धुतली जाते, इस्त्री होते, वाळू हलत नाही. त्याच खिशात आपण फोन ठेवतो आणि चालतो. ही सगळी माहिती मी घरात पुराव्यानिशी मांडली. किल्ल्या निर्दोष सुटल्या. मात्र त्याच बैठकीत, कोकणात जायचा हट्ट कुणाचा होता, हा नवा खटला उभा राहिला आणि तो अजून चालू आहे.

किल्ल्यांवर संशय घेणारा मी एकटा नाही, एवढं समाधान आहे. स्टीव्ह जॉब्झनं जानेवारी 2007 मध्ये पहिला आयफोन जगाला दाखवला तेव्हा त्याचा पडदा प्लास्टिकचा होता. तो फोन खिशात किल्ल्यांबरोबर ठेवल्यावर त्यावर ओरखडे उठले आणि जॉब्झ बिथरला. मला काच हवी, आणि तीही आत्ता, असं त्याचं म्हणणं. प्लास्टिकच्या बाबतीत किल्ल्यांवरचा आरोप खरा होता, हे मान्य केलं पाहिजे. मग अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं 1960 च्या दशकात शोधलेली आणि म्हणावं तसं गिऱ्हाईक न मिळाल्यानं बाजूला पडलेली काच बाहेर निघाली. ही काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे अणू बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी अंगानं मोठे पोटॅशियमचे अणू शिरून बसतात. जागा तेवढीच, बसणारे जाड. त्यामुळे पृष्ठभाग गच्च दाटतो आणि सहजी तडकत नाही. जून महिन्याच्या अखेरीस आयफोन दुकानात आला तो काचेचा. एका माणसाच्या खिशातल्या किल्ल्यांनी जगाच्या खिशात काच घातली आणि त्या काचेला जपण्याचा धंदा बाकीच्यांना लावून दिला.

कंपन्या पुढे शहाण्या झाल्या. ॲपलनं 2016 साली आयफोन 7 ‘जेट ब्लॅक’ नावाच्या काळ्याभोर, चकचकीत रंगात काढला. तो सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये मिळतच नसे. रंग हवा तर जास्त साठवणुकीचा, म्हणजे जास्त पैशांचा फोन घ्या. आणि जाहिरातीच्या तळाशी बारीक टायपात सूचना, की वापरानं यावर सूक्ष्म ओरखडे दिसू शकतात, चिंता वाटत असेल तर कव्हर घालावं. थोडक्यात, रंगासाठी पैसे मोजा आणि रंग झाकून ठेवा. हा मजकूर सदाशिव पेठेतून लिहून गेला असावा, असा माझा दाट संशय आहे.

आपण मात्र सूचनेची वाट पाहत नाही. फोन घेतला की तसेच उठून काच लावायला जातो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला अशा दुकानांची रांगच आहे. दुकान फळकुटाएवढं, त्यात पोरगा एक, आणि त्याचा अंगठा सर्जनच्या तोडीचा.

‘साधी लावू का 11डी?’

‘फरक काय?’

‘शंभर रुपयांचा.’

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘9एच’ छापलेलं असतं. आत्ताच मोसची शिडी चढून आलेल्या माणसाला वाटतं, नववी पायरी, म्हणजे हिऱ्याच्या शेजारची खोली! प्रत्यक्षात हा एच पेन्सिलीचा. शिसं जितकं कडक, तितका एचचा आकडा मोठा. 9एच पेन्सिल ठरावीक दाबानं ओढली तरी काचेवर चरा पडत नाही, एवढाच त्या छापाचा अर्थ. म्हणजे शंभर रुपये जादा भरून आपण फोनला पेन्सिलीपासून अभय मिळवून देतो. वाळूला हा करार लागू नाही. शिवाय काच बसवताना आत धुळीचा एक कण जातो आणि त्याच्याभोवती बुडबुडा धरतो. पोरगा म्हणतो, ‘दोन दिवसांत जाईल.’ बुडबुडा जात नाही. ज्या चऱ्याला घाबरून काच लावली, तो कदाचित कधीच पडला नसता. बुडबुडा मात्र पहिल्या दिवसापासून हजर असतो.

काचेपाठोपाठ कव्हर. फोन घेताना रंगावरून घरात दोन तट पडलेले असतात. पोरीला निळा हवा असतो, सौभाग्यवतींना हिरवा, आणि पैसे भरणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. एवढं रण माजवून आणलेला निळा दिसावा म्हणून कव्हर पारदर्शक घ्यायचं. आता हे जे मऊ प्लास्टिक असतं ते ऊन आणि उष्णता खाऊन पिवळं पडतंच. बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, म्हणून पिवळेपणा मारायला ते आधीच त्यात निळसर छटा घालतात. ती काही महिने खिंड लढवते. मग निळ्या फोनवर पिवळं कव्हर, आणि दोन्ही मिळून रंग उमटतो तो हिरवट. सौभाग्यवतींचं म्हणणं असं वर्षभरानं का होईना, खरं होतं.

एकदा साफसफाईसाठी कव्हर काढलं, तर चारही कोपऱ्यांत कापसाची वळी आणि आपली जुनी मैत्रीण वाळू. आत शिरलेल्या कणांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते तिथल्या तिथंच फोन घासत राहतात. फोनच्या पाठीवर कव्हराच्या मापाची चऱ्यांची एक चौकट उमटली होती. बाहेरच्या जगात फिरता तर जेवढं लागलं नसतं, तेवढं संरक्षणात लागलं.

आणि ही राखण शेवटी कुणासाठी? तर एक्स्चेंजला येणाऱ्या मुलासाठी. जुना फोन देऊन नवा घ्यायचं ठरलं की पाठीला पिशवी लावलेला एक मुलगा दारात उभा राहतो. वागायला अत्यंत नम्र. तो स्वतःच्या फोनचा टॉर्च लावून आपला फोन पाहतो आणि एकेक प्रश्न वाचत जातो. पडद्यावर ओरखडे आहेत का? बॉडीला डेंट?

‘काका, डेंट आहे.’

‘कुठंय?’

‘हा काय.’

‘अरे, तो डेंट नाही, डिझाइन आहे ते.’

‘तीन कोपऱ्यांना नाहीये पण काका.’

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. तो नम्रपणे एक चौकोन दाबतो आणि त्या दाबण्याची किंमत दोन-अडीच हजार असते. पुढं हेच फोन पुसूनपासून पुन्हा विकायला येतात तेव्हा त्यांना ‘सुपर्ब’, ‘गुड’, ‘फेअर’ असे दर्जे मिळतात. याच निकषांवर आमच्या शाळेचा स्नेहमेळावा तपासायचा म्हटलं तर ‘फेअर’च्या वर कुणी जाणार नाही, आणि बॅटरीचा प्रश्न तर कुणी काढूच नये.

त्या दिवसाची मोठी गंमत पुढेच असते. फोन देण्यासाठी कव्हर निघतं, काच निघते, मऊ फडक्यानं फोन पुसला जातो, आणि सगळं घर भोवती जमून पाहत राहतं. ‘अय्या, निळा होता ना हा!’ इतकी वर्षं घरात असलेली वस्तू अशी पहिल्यांदाच दिसते आणि पाचव्या मिनिटाला जिना उतरून जाते. पुढचा मालकही तिला घेतल्या घेतल्या काच लावणार, कव्हर घालणार आणि त्याच्या पुढच्या मालकासाठी राखणार. एवढ्या मेहनतीनं गुळगुळीत केलेल्या त्या पाठीवरून मनमुराद हात फिरवणारा माणूस या साखळीत कुठंच नाही. हप्ते आपण भरतो. नवेपणा मात्र कायम पुढच्याच्या नावावर असतो.

आमच्या आत्याला हा प्रकार मुळातच मान्य नाही. तिच्या फडताळात एकही भांडं बिननावाचं नाही. तिच्या पिढीत नवं पातेलं घरात येण्याआधीच दुकानातल्या नाव घालायच्या मशीनखाली जायचं. घर्रर्र करत सुई चालायची आणि नाव, तारीख, मुंजीनिमित्त की डोहाळजेवणानिमित्त, सगळं कायमचं कोरलं जायचं. कोऱ्या चकचकीत भांड्यावर पहिला ओरखडा मालकीण स्वतः पैसे देऊन काढून घ्यायची, आणि मग ते शेजारणीला दाखवायची. त्यानं भांड्याची किंमतही उतरत नसे, कारण मोडीत भांडं जातं ते वजनावर. दहा पोचे पडले म्हणून पितळ हलकं होत नाही. फोन जर वजनावर घेत असते तर मेव्हण्यांना त्या सगळ्या वेळात शांतपणे पोहे खाता आले असते.

आत्याला मुलानं फोन घेऊन दिला. महिला मंडळाच्या अष्टविनायक सहलीत सगळ्यांचे फोन एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे निघाले आणि ओझर ते लेण्याद्री आत्या कुणा भलतीच्याच नातवाशी बोलत राहिली. परत आल्यावर तिनं तुळशीबागेजवळचं तिचं नेहमीचं भांड्यांचं दुकान गाठलं. दुकानदार हादरला. ‘मावशी, काच तडकेल!’ मग पाठ प्लास्टिकची आहे याची खात्री करून, देवाचं नाव घेऊन त्यानं सुई टेकवली. फोनच्या पाठीवर आता आत्याचं नाव आहे, आडनाव आहे, गाव आहे आणि खाली तारीख. टाकाची अक्षरं झकास उठली आहेत.

गेल्या दसऱ्याला ऑफर आली म्हणून तिच्या मुलानं आईचाही फोन बदलायला काढला. पिशवीवाला मुलगा आला. फोन उलटा केल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग माझ्याकडे वळला.

‘काका, हे कशात टाकू? फॉर्ममध्ये स्क्रॅच आहे, डेंट आहे, क्रॅक आहे. नाव नाहीये.’

त्यानं वरिष्ठांना फोन लावला, फोटो पाठवला, पुन्हा फोन लावला. पलीकडून मोठमोठ्यानं विचारणा चालली होती. हा फक्त ‘हो सर, तारीखपण आहे सर,’ एवढंच म्हणत होता. शेवटी त्यानं अवघडून सांगितलं, की हा पीस कुठल्याच ग्रेडमध्ये बसत नाही, त्यामुळे कंपनी घेणार नाही.

आत्यानं त्याच्यापुढे चहा ठेवला, फोन उचलून पदराला पुसला आणि म्हणाली, ‘नाही ना घेत? अरे, म्हणून तर नाव घातलंय!’