सूत्रकार आणि त्यांची प्रकरणे

चिपमध्ये चालू असलेला प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, तर संगणक आणि चिप यांच्यामध्ये एक प्रोब लागतो आणि संगणकावर ओपनओसीडीसारखे सॉफ्टवेअर. हे मोफत सॉफ्टवेअर डॉमिनिक राथ यांनी २००५च्या सुमारास जर्मनीत, आउग्सबुर्ग येथे पदवीच्या प्रबंधासाठी सुरू केले. समोर कोणता प्रोब आहे, कोणती चिप आहे, हे त्याला सांगावे लागते. ते सांगणाऱ्या फायली म्हणजे कॉन्फिगरेशन स्क्रिप्ट.

त्यांची तीन खाती आहेत. इंटरफेसमध्ये प्रोब, टार्गेटमध्ये चिप आणि बोर्डमध्ये दोघांची सोयरीक. चिपच्या फायलीत बोर्डाच्या घरगुती भानगडी आणायच्या नाहीत. चिपचे नाव आधी कुणी दिले असेल तर ते घ्यायचे, नसेल तरच आपले ठेवायचे. एवढे पथ्य पाळले की एकच फाइल अनेक बोर्डांना चालते. इथवर पोचलेला माणूस स्वतःला सूत्रकार समजू लागतो. फायलीच्या माथ्यावर त्याचे नाव येते, नावाखाली 'सार्वत्रिक' हे विशेषण येते. फाइल तोवर त्याच्याच टेबलावरच्या एकुलत्या एक बोर्डावर चाललेली असते. (प्रस्तुत लेखकाच्या फायलीत त्याचे नाव दोनदा आहे.)

सूत्रांचे खरे गाव अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. गोविंदप्रभूंच्या या गावी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या लीळा लिहून काढल्या. ज्याच्यासमोर लीळा घडली त्यालाच गाठून विचारायचे, ही त्यांची रीत. पुढे केशोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. सूत्र आटोपशीर, पाठ करायला सोपे, कुठेही नेता येणारे. पण ते कुणाला आणि कशावरून म्हटले हे ठाऊक नसेल, तर अर्थ भलतीकडे जातो. म्हणून सूत्रामागचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' रचले गेले. पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत ठेवणाऱ्या पंथानेही आपल्या माणसांसाठी एवढी काळजी घेतली. उघड्या अक्षरांत लिहिणारे आधुनिक सूत्रकार मात्र 'स्लीप १००' एवढे लिहून मोकळे होतात.

शंभर मिलिसेकंद थांबायचे, पण कशासाठी? वीजपुरवठा स्थिरावायला वेळ लागतो म्हणून, की लिहिणाऱ्याची केबल हातभर लांब होती म्हणून? लिहिणारा नोकरी बदलून गेलेला असतो. ओळ काढायची कुणाची छाती होत नाही, आणि ती या फायलीतून त्या फायलीत उतरत राहते. या ओळीपायी कुणीतरी रात्र जागवलेली असते. त्या रात्रीची नोंद कुठेच नसते, याचा राग येतो आणि वाईटही वाटते.

चिपच्या ओळखक्रमांकाची तऱ्हा याहून गमतीची. एसटीएम३२एफ१०३ या लोकप्रिय चिपचा क्रमांक १ने सुरू होतो, स्वस्त बोर्डांवरच्या काही नकली चिपांचा २ने. सॉफ्टवेअर तिथेच अडून बसते. फायलीतला अपेक्षित क्रमांक शून्य केला की तपासणीच बंद होते आणि तोतयालाही प्रवेश मिळतो. ही सवलत त्या बोर्डाच्या फायलीतच द्यावी, चिपच्या फायलीत कधीच नाही. आणि का दिली, तेही शेजारी लिहावे.

राहिला वेग. रीसेटनंतर हीच चिप ८ मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रोब आणि चिप यांना जोडणाऱ्या जेटॅगचा वेग त्याच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, म्हणून १००० किलोहर्ट्झ. हा हिशेब ओपनओसीडीच्या मूळ फायलीत वेगाच्या आज्ञेच्या डोक्यावरच टिप्पणीत लिहून ठेवला आहे. आज्ञेचे नाव पूर्वी 'अ‍ॅडॉप्टर केएचझेड' होते, पुढे ते 'अ‍ॅडॉप्टर स्पीड' झाले. त्यामुळे जुन्या 'सार्वत्रिक' फायली नव्या आवृत्तीपुढे कुरकुरू लागल्या. टिप्पणीला हात लावावा लागला नाही.