रिकामी कुंडी

आमच्या गॅलरीत ऊन येत नाही. समोरची इमारत इतकी जवळ आहे की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी माझा गॅस बंद करते. तीन गुलाब दगावल्यावर मी तत्त्वनिष्ठ झाले: यापुढे फक्त आपल्या रानातली, सावलीत रमणारी झाडं. म्हणजे आईने दिलेला भुईचाफा. तत्त्व मात्र माझं.

थंडीत हा पानं टाकून मातीत गडप होतो. तेव्हा पाणी घातलं तर गड्डे कुजतात, म्हणून काहीच करायचं नाही. मला जमणारं एकमेव बागकाम! मग एप्रिल-मेमध्ये पानाआधीच थेट जमिनीतून पांढरं-जांभळं, घमघमणारं फूल. तेही दिवसभराचं.

आणि हा चाफा नव्हेच. मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगते. वास गोड लागला की मराठी माणूस 'चाफा' म्हणून मोकळा होतो. सोनचाफा आणि कवठी चाफा खरे भाऊबंद. हिरवा चाफा सीताफळाच्या घराण्यातला, नागचाफा उंडीच्या. खुरचाफा कण्हेरीच्या, तोही अमेरिकेतून आलेला, पण देवळापुढे असा उभा, जणू देऊळ त्याच्या आजोबांनी बांधलं. भुईचाफा तर हळद-आल्याच्या कुळातला. आमच्या सोसायटीत चार कुलकर्णी आहेत, कुणाचं कुणाशी नातं नाही, तसंच.

आईच्या माहेरी परसात, फणसाखाली याचा ताटवा होता. आता फणस नाही, पेव्हर ब्लॉक आहेत. ते बसण्याआधी तिथून निघताना आईने पिशवीत चार गड्डे घेतले, त्यातले दोन मला दिले. म्हणाली, "विसरलीस तरी चालेल. फेकू नकोस."

मेमधल्या एका रविवारी नावाची चिठ्ठी लावलेल्या कुंडीभोवती पाहुणे उभे करून मी सगळे चाफे ऐकवले. कुंडीत नुसती माती. मी हिरव्या चाफ्यावर असताना कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, हा मॉप काढू का? शेजारी फूल आलंय."

चिठ्ठी भलत्याच कुंडीला होती. खऱ्या कुंडीत मी गेले चार महिने मॉप खोचून वाळवत होते.

वास घ्यायला पाहुणे गुडघे कटकटवत खाली बसले. मी आधी मॉप लपवला, मग आईला फोटो पाठवला.

लगेच उत्तर आलं, "फुलाशेजारी ते भोक कसलं गं?"