विषय : उष्ण कटिबंधातील चष्मा

चहा घ्या. पण कप तोंडाशी नेण्याआधी जरा निवू द्या; तुम्हालाही चष्मा आहे म्हणून सांगतो. बिनचष्म्याच्या माणसांना मी हे प्रकरण सांगायचं बंद केलं आहे. त्यांना ते कळत नाही, आणि कळलं तर हसू येतं.

तर आम्ही दोघं आग्नेय आशियात जाऊन आलो. सिंगापूर, पिनांग, बँकॉक, क्राबीकडची बेटं आणि शेवटी बाली. सहल आरामशीर होती. म्हणजे एकसारख्या टोप्या नाहीत, भल्या पहाटे "चला चला, बस लागली" नाही, पटायात पिठलं-भात नाही. सगळं लेकीने ठरवलं होतं. "बाबा, काही बघायलाच पाहिजे असं नाही. हिंडा, बसा, पुन्हा हिंडा," असा तिचा आदेश होता. आता या हिंडण्या-बसण्याची त्या प्रदेशातली कार्यपद्धती नीट लक्षात घ्या, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. हिंडायचं बाहेर, बसायचं आत. बाहेर बत्तीस अंश. आत किती होते ते मी मोजलं नाही, पण सौ.ने काश्मीरला घेतलेली शाल सिंगापुरात पहिल्यांदा अंगावर घेतली.

आणि आतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा जातो. नाकावरच असतो, पण कामातून जातो. दोन्ही काचांवर पांढरी वाफ धरते आणि माणूस भर रस्त्यात उभ्या उभ्या आंधळा होतो.

यात गूढ काही नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. तिथल्या हवेत बाष्प इतकं, की चोवीस-पंचवीस अंशांखालची कुठलीही वस्तू दिसली की ते तिच्यावर पाणी होऊन बसतं. मॉलमध्ये तासभर गारठलेली काच ही तशी वस्तू आहे. मॉलमध्ये तासभर गारठलेला माणूसही तशीच वस्तू आहे, पण त्याचं शरीर आतून गरम असल्यामुळे तो वाचतो. भिंगाला ही सोय नाही.

तुम्ही म्हणाल, मुंबईत काय कमी दमट आहे? अहो, मुंबईकराला दमटपणाची ओळख करून देऊ नका. पण आपल्याकडे माणूस एकदा घामाला लागला की संध्याकाळपर्यंत त्याच घामात असतो. त्यात एक सातत्य आहे. तिथे ते नाही. तिथे घाम आला म्हणून आत जायचं, थंडी वाजली म्हणून बाहेर यायचं, पुन्हा घाम, पुन्हा आत. सहल-कंपनीच्या बसमधून फिरणारा माणूस दिवसातून दोन-चार वेळा आंधळा होत असेल. आरामशीर फिरणारा प्रत्येक दारात होतो. म्हणजे जितका आराम जास्त, तितकं दिसणं कमी. हे माहितीपत्रकात कुठेही छापलेलं नाही.

सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी वातानुकूलन यंत्राची गणना इतिहासातल्या मोठ्या शोधांत केली होती. 1959 साली सत्तेवर आल्यावर सरकारी नोकर बसतात त्या इमारतींत आधी ही यंत्रं लावली, असं ते सांगत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सरकारी नोकराला गारवा मिळावा असं म्हणणारा राज्यकर्ता मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही. पण मुळाशी जाऊन बघा. 1902 साली विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने हे यंत्र रचलं ते ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगायचा, म्हणून हवेतला ओलावा काढायचा होता. म्हणजे ओलावा हटवण्यासाठी जन्माला आलेलं यंत्र आज माझ्या काचेवर ओलावा धरतंय, आणि कागद मात्र कोरडा आहे. उलट बाजूने, चष्म्याचा शोध तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत लागला. थंड दगडी मठात पोथी वाचणाऱ्या साधूंची त्याने सोय झाली. ते साधू मॉलमधून ऑर्चर्ड रोडवर येणार नव्हते. दोन शोध आपापल्या जागी ठीक होते. एकत्र नांदतील का, हे कोणी तपासून घेतलं नाही. असं एकतर्फी काम आमच्या कार्यालयातही चालायचं, पण निदान फाईल तरी फिरायची.

मला आशा होती ती स्थानिकांकडून. सिंगापुरातल्या तरुणांमध्ये शंभरातल्या ऐंशींना लांबचं नीट दिसत नाही; जगात सर्वांत वरचं प्रमाण असलेल्या देशांत त्याची गणना होते. म्हटलं, इतके चष्मेवाले एका बेटावर, म्हणजे या विषयावर काहीतरी चळवळ असणार. निदान एखादा फलक. ज्या शहरात मेट्रोत घोटभर पाणी प्यायलं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, 1992 पासून च्युइंगगम विकायला बंदी आहे, आणि ड्यूरियन नावाच्या फळाला वासामुळे गाडीत प्रवेश नाही, तिथे प्रवाशाला आंधळं करून फलाटावर सोडण्याविरुद्ध एखादं कलम असायला काय हरकत होती? काही नाही. मेट्रोतून उतरलेला चष्मेवाला बाजूला उभा राहतो, शांतपणे वाफ उडायची वाट बघतो आणि चालू लागतो. तक्रार नाही, सुस्कारा नाही. मी एका तरुणाकडे सहानुभूतीने बघून मान हलवली. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. दिसलो नसेन.

सौ.चं मत विचारात घेण्यात अर्थ नव्हता. तिचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आत भिंग बसवलंय, तेव्हापासून ती चष्म्याविना हिंडते आणि लांबच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवते.

"अहो, पुसा ना मग."

"कशाने पुसू?"

हा प्रश्न तिला सोपा वाटला. सदऱ्याचं टोक घामाने ओलं, रुमाल त्याहून ओला. ओल्याने ओलं पुसलं की वाफ जाऊन तिथे रेघोट्या येतात, आणि त्यात उन्हाचं क्रीम मिसळलं की ते साबणाशिवाय निघत नाही. अशा अवस्थेत आम्ही एका हॉकर सेंटरला पोचलो. ही खाद्यगृहं बरीचशी उघडी, पंख्याखालची. 2020 साली युनेस्कोने त्यांच्या संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. गर्दी भयंकर. पण एका रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं कोरं पाकीट पडलेलं. कोणाचं नाही, जवळपास माणूस नाही. मी दोन कागद काढून काचा पुसल्या. पुसून वर बघतो तर हातात नूडल्सचा वाडगा घेतलेल्या एक बाई माझ्याकडे बघतायत. तिथे टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल धरलं, असा रिवाज आहे. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तेच. पण आपला रुमाल पुसण्याच्या लायकीचा नसतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. ही यंत्रणा जास्त विचारपूर्वक बनवलेली आहे. कोरा, स्वच्छ, शोषून घेणारा कागद, चष्मेवाल्यांच्या ऐन गर्दीत, बेवारस ठेवायचा आणि वर त्याला हात लावू नये अशी अपेक्षा करायची. मी उरलेलं पाकीट जागच्या जागी ठेवलं. बाईंनी पुढची कार्यवाही केली नाही, याची नोंद घेतो.

पिनांगमध्ये माझी बाजू आणखी मजबूत झाली. जॉर्ज टाउनमध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर एक भिंत आहे. तिच्यावर दोन मुलं रंगवलेली आणि त्यांच्याखाली खरीखुरी सायकल भिंतीला लावलेली. 2012 साली एका चित्रकाराने केलेलं काम. त्याच्यासोबत फोटो काढायला रांग असते. आम्ही रांगेत उभे राहिलो, ऊन लागलं म्हणून मी समोरच्या कॅफेत शिरलो, नंबर आला म्हणून सौ.ने हाक मारली, मी धावत बाहेर आलो. फोटोत सायकल स्वच्छ आहे, मुलं स्वच्छ आहेत, सौ. स्वच्छ आहे आणि तिच्या शेजारी दोन पांढऱ्या चकत्या लावलेला एक इसम आहे. दुसऱ्या दिवशी पिनांग हिलवर गेलो. 1923 सालापासून तिथे दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे आहे, वरती हवा बरीच गार. सौ. म्हणाली, "काय छान धुकं आहे हो!" मला काहीच फरक जाणवला नाही.

बँकॉकबद्दल थोडक्यात. तिथली स्कायट्रेन 1999 पासून हवेत धावते आणि आत हिमालय असतो. उतरलं की दमट फलाट, समोर जिना. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरून लांबचं, खालून जवळचं. जिना उतरताना एरवीसुद्धा पायरी आहे तिथे दिसत नाही. वाफेने तो गोंधळ संपवला, पायरीच दिसेना. वाट फो मंदिरात 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. टॅक्सीतून थेट उतरल्यामुळे मला सुरुवातीला त्यातला सोनेरी भाग दिसला. सुरुवात कुठे, शेवट कुठे, हे सौ.ला विचारावं लागलं. मूर्तीच्या मागे 108 कांस्यपात्रं ओळीने ठेवलेली आहेत, भाविक एकेकात नाणं टाकत जातात. ती मी आवाजावरून पाहिली.

बेटांच्या किनाऱ्यांवर वातानुकूलन नसतं, तिथे तरी न्याय मिळेल असं वाटलं होतं. पण लाँगटेल बोट सुरू झाली की समुद्र थेट काचेवर येतो, आणि खारं पाणी वाळलं की त्याचं मीठ होतं. वाफ निदान स्वतःहून जाते. पाण्यात उतरायचं तर तोंडाला मुखवटा लावतात, तो चष्म्यावर बसत नाही. सबब प्रवाळ, मासे आणि जे काही पाण्याखाली होतं ते माझ्यासाठी रंगीत पण सर्वसाधारण स्वरूपाचं होतं. माया बे नावाचा एक प्रसिद्ध किनारा आहे, लिओनार्डो डिकॅप्रिओच्या सिनेमामुळे माणसांनी तो इतका तुडवला की 2018 च्या जूनपासून 2022 च्या जानेवारीपर्यंत सरकारने बंदच ठेवला, प्रवाळाला विश्रांती म्हणून. आता उघडा आहे, पण पोहायला मनाई. प्रवाळाचं म्हणणं ऐकायला एक सरकार साडेतीन वर्षं किनारा बंद ठेवतं, हे मी इथे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

आता बाली, म्हणजे प्रकरणाचा मुख्य भाग.

बालीत उलुवाटू नावाचं कड्यावरचं देऊळ आहे. तिथली माकडं पर्यटकांच्या वस्तू उचलतात आणि खाऊ मिळाल्यावर परत करतात, हे जगजाहीर आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की तिथल्या प्रौढ माकडांना कुठल्या वस्तूच्या बदल्यात माणूस जास्त देतो हे कळतं. ती मोबाइल, चष्मा अशा वस्तूंवर नजर ठेवतात, केसांची पिन वगैरेत वेळ घालवत नाहीत. माझ्या बाबतीत जे घडलं ते कुठल्या देवळात, ते मी सांगणार नाही. माझ्या दृष्टीने प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

क्रम फक्त लक्षात घ्या. गाडी गारठलेली. ड्रायव्हरने दार उघडलं, मी उतरलो, चष्मा धुरकटला. कमरेला सारोंग गुंडाळलेलं, ते एका हाताने धरून मी दुसऱ्या हाताने चष्मा काढला. फाटकावर सूचना असणारच, "चष्मा सांभाळा" अशी. ती वाचायला चष्मा लागतो. आणि त्याच क्षणी हातातून तो गेला. मला दिसलं नाही, पण सौ.ने डोळ्यांतल्या भिंगांतून सगळं पाहिलं. भिंतीवर एक वयस्क माकड आधीपासून बसलं होतं आणि प्रत्येक गाडीचं दार उघडायची वाट बघत होतं, असं तिचं म्हणणं. म्हणजे बघा, वातानुकूलित गाडीमुळे वाफ, वाफेमुळे चष्मा हातात, चष्मा हातात म्हणून माकड. साखळी कुठेही तुटत नाही. याला तुम्ही योगायोग म्हणा, मी संगनमत म्हणतो.

तिथल्या एका सेवकाने केळं पुढे केलं. माकडाने ते घेतलं, खाल्लं आणि चष्मा धरूनच ठेवला. दुसऱ्या केळ्याकडे बघितलं नाही. मग आंबा निघाला, तेव्हा वस्तू हस्तांतरित झाली. बक्षीस म्हणून मी सेवकाला किती रुपिया दिले, सांगता येत नाही. तिथल्या नोटांवर शून्यं मोजून घ्यावी लागतात आणि चष्मा अजून माझ्या ताब्यात यायचा होता.

"अहो, नीट आहे का बघा," सौ. म्हणाली.

उजव्या काडीवर दाताची खूण होती. बाकी चष्मा स्वच्छ होता. अगदी स्वच्छ. माकडाने तो तेवढा वेळ उन्हात भिंतीवर धरल्यामुळे काचा तापल्या होत्या, आणि तापलेल्या काचेवर वाफ धरत नाही. त्या सगळ्या सहलीत गाडीतून उतरल्यावर लगेच सगळं लख्ख दिसलं ते तेव्हाच. आणि पहिलं काय दिसलं, तर माझा आंबा खाणारं माकड.

म्हणजे उपाय आहे. काच तापवून बाहेर पडायचं, इतका साधा. प्रत्येक मॉलच्या, मेट्रोच्या आणि हॉटेलच्या दारात चष्मा तापवण्याची लहानशी सोय करणं त्या देशांना अजिबात जड नाही. एका माकडाला जे एका आंब्यात जमलं ते शासनाला जमू नये? लेकीला मी हे फोनवर सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कॉन्टॅक्ट लेन्स लावा." पीडितानेच बदलावं, ही वृत्ती नवीन नाही.

मी निवेदन तयार केलं आहे. एकेक प्रत त्या चारही देशांच्या मुंबईतल्या वकिलातींकडे द्यायची आहे. तुम्हीही चष्मेवाले, पुढच्या डिसेंबरात तिकडे निघालाच आहात, तेव्हा सही करून टाका. इथे, फुलीच्या समोर. आणि अक्षर जरा मोठं काढा, बाकीच्यांनाही वाचता आलं पाहिजे.