दहा डोळ्यांची सायकल

पन्नाशी ओलांडली की माणसाला दोनपैकी एक काहीतरी होतं, अध्यात्म किंवा सायकल. मला सायकल झाली. तीही साधी नाही, माउंटन बाइक. जाड दातेरी टायर, पुढे शॉकअॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक. पुण्यात राहून माउंटन कुठून आणणार, हा प्रश्न घरात विचारला गेला. मी खिडकीतून टेकडीकडे बोट दाखवलं. 

सायकल घरी आली तेव्हा तिला दहा रिफ्लेक्टर होते. हँडलखाली एक पांढरा, सीटखाली एक लाल, दोन्ही चाकांच्या तारांमध्ये दोन-दोन, आणि प्रत्येक पायडलला पुढून-मागून एकेक पिवळा. रात्री पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च मारून मी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. जिथून बघावं तिथून कुठला तरी डोळा चमकत होता. बायको म्हणाली, "आता फक्त तोरण राहिलं."

पहिल्याच रविवारी पहाटे साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी तरुण मुलांचा एक घोळका भेटला. त्यातल्या एकाने माझ्या सायकलकडे, मुलगी बघायला आलेल्या आत्याबाई बघतात तसं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पाहिलं आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "काका, ते रिफ्लेक्टर काढून टाका."

"का रे?"

"खडकावरून उतरताना खडखडतात. सैल होऊन तारांत फिरतात. वजनही उगाच." मग जरा थांबून खरं कारण आलं. "आणि, म्हणजे, नवीन वाटते ना गाडी."

आता नवीन गाडी नवीन वाटू नये म्हणून खटपट करायची, ही कल्पना मला नवीन होती. मी ज्या पिढीतला, ती स्कूटरच्या सीटवरचं प्लॅस्टिक आपोआप फाटेपर्यंत काढत नसे. फ्रिजच्या दारावरचं कंपनीचं स्टिकर आमच्याकडे फ्रिज भंगारात गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेलं. पण त्या मुलांच्या सायकलींना खरोखरच काही नव्हतं. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. चहा प्यायला थांबले की ते आपली लाखाची सायकल सरळ गवतात आडवी करत.

आमच्या लहानपणी हे सगळं उलटं होतं. सायकल घ्यायची ती नागडी, आणि मग पगारापगाराला तिच्या अंगावर दागिने चढवायचे. आधी कॅरियर, मग घंटी, मग चेनकव्हर, दिवाळीला सीटचं गोंडेदार कव्हर. मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा आणि त्यावर लाल काच असायची. दिवा हा शेवटचा आणि सगळ्यांत मोठा दागिना. डायनॅमो टायरला टेकवला की पाय जड व्हायचे, त्यामुळे उजेड ही घाम गाळून मिळवायची वस्तू आहे हे आम्हाला फार लवकर कळलं. आणि चौकात थांबलं की उजेडही थांबायचा. ज्याच्याकडे दिवा नसे तो तिन्हीसांजेला चौकातला हवालदार लांबून दिसताच खाली उतरायचा, सायकल हातात धरून सज्जनपणे चौक ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन टांग मारायचा. हातात धरलेल्या सायकलीला दिवा लागत नाही, हे कायद्याचं ज्ञान तेव्हा शाळकरी पोरालाही होतं.

मुलांच्या उघड्यावाघड्या सायकलींमागे मात्र एक घराणं आहे, हे मला नंतर समजलं. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली वगैरे मंडळी जुन्या, फुगीर टायरांच्या बोजड सायकली मिळेल तिथून आणायची. मडगार्ड, चेनकव्हर, जे जे सुटेल ते सोडवून टाकायचं आणि डोंगरावरून मातीच्या रस्त्याने खाली सुटायचं. 1976 पासून ते एका उतारावर शर्यती लावू लागले. साधारण 3 किलोमीटरांत जवळजवळ 400 मीटर उतार. खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर होऊन गेलेलं असायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. माउंटन बाइक नावाचा सगळा पसारा त्या धुरातून आला. तेव्हा अंगावरचं सगळं उतरवणं हा या पंथाचा मूळ संस्कार आहे, एक प्रकारची दीक्षाच. फरक इतकाच, की त्यांना रीपॅक उतरायचा होता आणि मला टेकडीवरून येता येता कोथिंबीर आणायची होती.

तरी मी दीक्षा घेतली. आमच्या चौकातल्या सायकलवाल्याला सगळे मामा म्हणतात. मामांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि हँडलखालचा पांढरा रिफ्लेक्टर काढता काढता त्याच्यामागच्या पत्र्याच्या पट्टीवर टिचकी मारली.

"साहेब, या पट्टीला पूर्वी दुसरं काम होतं. डिस्क यायच्या आधी या गाड्यांना दोन बाजूंचे ब्रेक असायचे आणि त्यांना जोडणारी एक आडवी वायर टायरच्या वर लोंबायची. ब्रेकची मुख्य केबल तुटली की ती आडवी वायर धपकन खाली. टायर असा दातेरी. दातात वायर अडकली की चाक जागेवर जाम, आणि माणूस हँडलवरून पुढे. ही पट्टी मध्ये असली की वायर तिच्यावर अडायची. लोक रिफ्लेक्टर शोभत नाही म्हणून पट्टी काढायचे. कळायचं नाही ना, कशाला आहे ते."

"मग माझी?"

"तुमच्या डिस्क आहेत. हिचं ते काम संपलं." मामांनी पट्टी माझ्या हातावर ठेवली. निवृत्त होणाऱ्या कारकुनाला नारळ देतात, त्याच्या उलट. "चाकातलेही काढा, दगडात ते राहतच नाहीत. मागचा लाल तेवढा ठेवा."

पण माझ्या डोळ्यांसमोर तो पहाटेचा घोळका होता. मी म्हटलं, लालही काढा. पायडलमधले चार मात्र पायडलातच बसवलेले निघाले. ते घालवायचे तर पायडलंच बदलायला हवीत. मामांनी नव्या पायडलांची किंमत सांगितली आणि माझी दीक्षा पायडलापाशी थांबली.

काढलेले सहा रिफ्लेक्टर घरी ड्रॉवरमध्ये गेले. प्रत्येक घरात असतो तोच ड्रॉवर. हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, बंद पडलेल्या मोबाईलचे चार्जर, 'लागेल कधीतरी' या एकाच आशेवर जगणाऱ्या वस्तूंचा. एका रात्री वीज गेली. मेणबत्ती शोधायला मी टॉर्च मारून तो उघडला, आणि आतून सहा डोळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी दचकलो. मग एक उचलून नीट पाहिला. समोरून गुळगुळीत, पण मागे मधाच्या पोळ्यासारखे बारीक बारीक खण. प्रत्येक खणात तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात मिळतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते तसे. त्यात शिरलेला प्रकाश तीन टप्पे घेतो आणि आला त्याच दिशेने परत फिरतो. साध्या आरशाला तुम्ही तिरके उभे राहिलात तर तो उजेड भलतीकडे फेकतो. रिफ्लेक्टर मात्र ज्याचं त्याला परत करतो. मी टॉर्च बायकोच्या हातात दिला आणि दोन पावलं बाजूला झालो. तिला लखलखाट दिसत होता. मला दिसत होता लाल प्लॅस्टिकचा एक तुकडा.

हीच युक्ती चंद्रावर आहे. 1969 मध्ये अपोलो 11च्या अंतराळवीरांनी अशा 100 काचेच्या प्रिझमांची एक चौकट तिथे मांडून ठेवली. पृथ्वीवरून लेझर सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि चंद्र किती लांब आहे ते काढायचं. तो वर्षाला 3.8 सेंटिमीटरने आपल्यापासून दूर सरकतो आहे, हे त्यातूनच इतकं नेमकं कळलं. आपल्या चंद्रयान 3च्या विक्रम लँडरवरही नासाचा असाच एक छोटा घुमट आहे, जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा. त्यात आठ रिफ्लेक्टर. विक्रमने मान टाकल्यावर काही महिन्यांनी, 12 डिसेंबर 2023 रोजी, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने 100 किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर मारला आणि तो परत आला. जिथे रहदारीचं नाव नाही तिथेसुद्धा आठ लावून ठेवलेत. तिथे 'काका, काढून टाका' म्हणणारं कोणी भेटलं नसावं.

अर्थात रिफ्लेक्टरचं फार कौतुकही बरं नाही. त्याचं स्वतःचं काहीच नाही; सगळं दुसऱ्याच्या दिव्यावर. आडव्या गल्लीतून येणाऱ्या मोटारीचा झोत तुमच्यावर पडतो तोपर्यंत बहुतेक सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून दिवा हवाच. पण हिवाळ्यात साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की रात्री सासवड-बारामतीकडच्या रस्त्याने एकदा जाऊन यावं. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिव्याचा पत्ता नाही. कोणी शहाण्याने चमकणारी पट्टी चिकटवलेली असते, कोणी जुनी सीडी सुतळीने बांधलेली असते. ज्याने अंधारात अचानक समोर उभी राहिलेली उसाची भिंत एकदा पाहिली आहे, तो त्या सीडीला हसत नाही.

मीही शहाण्यासारखा मागे लुकलुकणारा लाल दिवा घेतला. त्याला चार्जिंग लागतं. आणि मी ते विसरू शकतो, हे घेताना लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरातली संध्याकाळ. पाषाणकडून परत येताना अंधार पडला आणि मागचा दिवा दोनदा डोळा मिचकावून मिटला. मला कळलंही नाही. पाठीला डोळे नसतात आणि जो होता तो ड्रॉवरमध्ये. घरी पोहोचून पाणी पीत होतो, तेवढ्यात बायको स्कूटर लावून वर आली.

"मी तुझ्या मागेच होते चौकापासून."

"हाक नाही मारलीस?"

"तू होतास कुठे? काळा शर्ट, काळी सायकल. सगळा अंधार. फक्त जमिनीपासून वीतभर वर दोन पिवळे काजवे. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. म्हटलं, कोण बरं बाई हे. मग कळलं तूच."

"काजव्यांवरून?"

"उजवा काजवा वर येताना जरा रेंगाळत होता. तुझा गुडघा दुखतोय ना? सांगितलं नाहीस ते."

गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा ठिपके चमकतील अशी व्यवस्था करून त्याला अंधारात चालायला लावलं होतं. ठिपके स्थिर असताना बघणाऱ्यांना काही अर्थ लागेना. हलू लागले की क्षणात कळे, माणूस चालतो आहे. सायकलवर स्थिर राहणारे बाकीचे डोळे मागच्या ड्रायव्हरला खांबाचे, फाटकाचे, कशाचेही वाटू शकतात. पायडलवरचे वर-खाली होतात म्हणून माणसाचे वाटतात. इतकं योहान्सनने सांगितलं. कोणत्या माणसाचे आणि त्याचा कोणता गुडघा, हे कळायला तीस वर्षांचा संसार लागतो.

दुसऱ्या दिवशी लाल रिफ्लेक्टर खिशात घालून मामांकडे गेलो. मामांनी काही विचारलं नाही. दोन मिनिटांत तो सीटखाली बसवला. चाकातले चार ड्रॉवरमध्येच राहिले, टेकडीवर ते खरोखर खडखडतात. पांढराही तिथेच आहे, पट्टीसकट. पुढे आता दिवा आहे. रविवारी त्या मुलाने मागचा लाल पाहिला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

संध्याकाळी परतताना मी कधी कधी चालत्या सायकलवरून वाकून माझ्या उजव्या पायडलकडे बघतो. मला तिथे अजूनही पिवळं प्लॅस्टिकच दिसतं.